बावीस देते

आम्ही कोथरूडचे. रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो ती वेताळ टेकडी, पण निम्मं पुणं तिला एआरएआय टेकडी म्हणतं. कारण १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन तिथं आहे. गाड्यांच्या जाहिरातीत ‘एका लिटरला इतके किलोमीटर’ असा जो आकडा मिरवतो, त्याचा जन्म असल्या प्रयोगशाळेत होतो. गाडी रोलरवर चढवतात. चाकं गरगरतात, गाडी जागची हलत नाही. ११८० सेकंदांत ती उभ्या जागी साडेदहा किलोमीटर जाते आणि मध्ये एकदा ताशी ९०चा वेगही गाठते. एसी बंद. खड्डा नाही, कर्वे रस्ता नाही, भर रस्त्यात स्कूटर थांबवून व्याह्यांची चौकशी करणारे गृहस्थ नाहीत. शिवाय पेट्रोल किती जळलं हे टाकीत डोकावून ठरवत नाहीत, मागच्या नळीतून निघालेल्या धुरातला कार्बन मोजून ठरवतात. पाहुणा किती जेवला हे ढेकरेवरून काढावं, तसं.

वीस वर्षं त्या टेकडीवर धापा टाकूनही यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. शिरलं ते सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरल्यावर. लहान, पेट्रोलवरची आणि ‘ॲव्हरेज’ देणारी. मायलेज हा शब्द जाहिरातीतला. आपण ॲव्हरेज म्हणतो, आणि ते ‘मिळत’ नाही, गाडी ते ‘देते’, म्हैस दूध देते तशी.

मी ओळखीपाळखीत विचारत सुटलो. ज्यांची गाडी दसऱ्याला झेंडू घालण्यापुरती बाहेर निघते ते म्हणाले, “बावीस देते.” जे रोज हिंजवडीला दुसऱ्या गिअरमध्ये जातात आणि पहिल्या गिअरमध्ये परत येतात तेही म्हणाले, “बावीस.” चार दिवसांनी लक्षात आलं की हा आकडा नव्हेच. ‘कसं काय?’ला ‘बरंय’ म्हणतात, त्यातला प्रकार.

घरात हिशेबाचं खातं बायकोकडे. तिनं दुधाच्या बिलाच्या पाठीवर मांडणी केली. “वर्षाला आपण फिरणार चार हजार किलोमीटर. सोळा देणारी गाडी २५० लिटर पिणार, वीस देणारी २००. फरक ५० लिटर. म्हणजे वर्षाचे पाच हजार.” मग चष्म्यावरून बघत, “आणि ही गाडी शोधायला तुम्ही आजवर रिक्षा, चहा आणि मेकॅनिक मिळून किती घातले?”

मी विषय बदलला.

पुण्यात जमेना. चांगली असेल ती परवडेना, परवडेल तिच्यातून आवाज येत. मग कुणीतरी म्हणालं, खाली बघा, सातारा-कोल्हापूरकडं गाड्या निगुतीनं वापरतात. मी मामांना फोन केला. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. हाडाचे मेस्त्री. तिथं चालकाचा हिशेब दहा लिटरला किती किलोमीटर असा चालायचा, त्यामुळे मामा अजून सगळं जग दहा लिटरमध्ये मोजतात. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे त्यांना एसटी फुकट. त्यांचं स्वतःचं ॲव्हरेज त्या अर्थानं अनंत आहे.

फेब्रुवारीअखेरीस स्वारगेटहून निघालो. मामांच्या पिशवीत तीन वस्तू होत्या: बॅटरी, जुनं फडकं आणि फ्रीजच्या दारावर चिकटवायचं एक लोहचुंबक. चुंबकाला मऊ कापड शिवलेलं. खंबाटकी घाटात मामा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. “याची तिसऱ्या गिअरची सवय वाईट आहे,” ते डोळे न उघडता म्हणाले.

सातारा. बाजारात आलेल्या यच्चयावत गाड्या डॉक्टरांच्याच असतात, आणि ते डॉक्टर घर ते दवाखाना यापलीकडे कधी गेलेले नसतात. विकणारा एजंट म्हणाला, “डॉक्टरसाहेबांची गाडी. सिंगल ओनर. कंपनी मेन्टेन्ड. ३१ हजार रनिंग.” २०१६ची गाडी, धुऊन-पुसून नवरीसारखी सजवलेली. डॅशबोर्डला असलं पॉलिश की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो फसायला तयार असलेल्या माणसाचा होता.

मामांनी बॉनेट उघडलंच नाही. ते खाली बसले आणि टायर वाचू लागले. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर २०२३चे. मग डिकीतली स्टेपनी पाहिली. ती १५१६, म्हणजे २०१६चा पंधरावा आठवडा. गाडीबरोबर आलेली.

“एकतीस हजारांत चार टायर संपवले?” मामांनी विचारलं.

“डॉक्टरसाहेब सेफ्टीला लई जपतात.”

मग मामांनी ब्रेकच्या पेडलवर बॅटरी मारली. रबर झिजून गुळगुळीत, आरपार लोखंड दिसायला लागलेलं. “आणि डॉक्टर पेशंट तपासताना पायपण इथंच ठेवत होते वाटतं,” मामा म्हणाले, फडक्याला हात पुसत उठले आणि मला म्हणाले, “चल, कंदी पेढे घेऊ.” मीटर मागं फिरवता येतो, पेडलचं रबर कोण मागं फिरवणार! सातारच्या फेरीची प्राप्ती, पेढे पाव किलो.

कराडच्या गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चालू केली, मामांनी मागं जाऊन रेस करायला सांगितली, नळीतून निळसर धूर आला. मालक म्हणाले, “सकाळचा गारठा हाय ना, त्यानं.” दुपारचा एक वाजला होता. काळा धूर म्हणजे पेट्रोल जादा, निळा म्हणजे ऑइल जळतंय. “कृष्णा-कोयनेचा नदीवर होतो,” मामा म्हणाले, “हिच्या सिलिंडरात ऑइलचा आन् पेट्रोलचा प्रीतिसंगम झालाय.” आम्ही खरा प्रीतिसंगम बघून, भेळ खाऊन पुढची एसटी धरली.

पेठ नाका सोडला तसे उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागं दोन ट्रॉल्या, दोन्हींवर उसाचा डोंगर. मामा खिडकीतून बघत म्हणाले, “हे बघ. पेट्रोल चाललंय.” म्हणजे खरंच. उसाच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल होतं आणि हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्के असतं. लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. म्हणजे जुन्या गाडीचं ॲव्हरेज इथं थोडं उतरणारच. “मग बावीसवाल्यांचं काय?” मी विचारलं. “त्यांचं कशानंच उतरत नाही,” मामा म्हणाले.

कोल्हापुरात रात्र काढली. तांबडा-पांढरा यावर मी लिहिणार नाही, तो स्वतंत्र प्रवासवर्णनाचा विषय आहे आणि त्यात ॲव्हरेज माझं निघेल. सकाळी रंकाळ्याच्या बाजूला एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. अंगणात खाकी कापडाच्या झुलीखाली गाडी. २०१७ची अल्टो, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमएच-०९ पासिंग. कंपनीनं जाहीर केलेला आकडा २४.७.

“बसा की. आधी च्या,” गुरुजी म्हणाले. कोल्हापुरात चहा नाकारता येत नाही, आणि चहा म्हणजे नुसता चहा नसतो. पोह्यांनंतर मी तो प्रश्न टाकला. अपेक्षित उत्तर मला पाठ होतं.

“अठरा पॉइंट चार,” गुरुजी म्हणाले.

मामांच्या हातातली बशी हलली.

गुरुजी आत गेले आणि दोनशे पानी वही घेऊन आले. २०१७ पासून भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची नोंद. तारीख, मीटर, लिटर, रुपये, ॲव्हरेज. समास लाल पेनानं आखलेला. शेवटच्या रकान्यात शेरा: ‘एसी चालू’, ‘जोतिबाचा घाट’, ‘हवा कमी होती’, ‘मेहुणे बसले होते’. एका गणपतीत तर १५.९ लिहिलं होतं, आणि पुढं ‘मिरवणूक, नाइलाज’.

खरं सांगतो, माझा विरस झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी ॲव्हरेज खरं सांगितलं आणि मला ते कमी वाटलं. मी चाचरत म्हणालो, “बाकीच्यांच्या बावीस देतात म्हणे...”

“मग त्यांची घ्या की,” गुरुजी शांतपणे म्हणाले.

मामा तोवर गाडीखाली गेले होते. बाहेर येऊन त्यांनी चुंबक दारांवरून, मडगार्डांवरून फिरवलं. जिथं पुट्टी भरलेली असते तिथं ते चिकटत नाही, एवढं हे शास्त्र. डाव्या मागच्या मडगार्डवर ते गळून पडलं. “२०१९, बैल,” गुरुजी घरातूनच म्हणाले. वहीत होतं. मामांनी ऑइलचं झाकण उघडून आतून पाहिलं. पांढरा फेस नाही. गार इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. धूर दिसेल असा नाहीच. मग मामा माझ्या कानात म्हणाले, “पैसे दे.” इतक्या वर्षांत त्यांनी एवढ्या कमी शब्दांत कशालाच पसंती दिली नव्हती. माझ्या लग्नातही.

पुढचा तास चौथीचा वर्ग भरला. फॉर्म २९, फॉर्म ३०, दुसऱ्या आरटीओकडे जायचं म्हणून एनओसीचा २८, बँकेचा बोजा उतरल्याचा ३५. प्रत्येकाच्या प्रती काढून टाचणीनं लावलेल्या. “विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा. त्यातला नो क्लेम बोनस मात्र माझा. गाडी तुमची, पुण्य माझं.” ताबापावतीवर त्यांनी तारीख घातली, मग घड्याळ बघून वेळही घातली, १२ वाजून ४० मिनिटे. “हितनं पुढं सिग्नल तोडला तर चलन तुम्हाला.” काचेवरचा फास्टॅग त्यांनी नखानं सोलून काढला. तो त्यांच्या खात्याचा. शेवटी वही माझ्या हातात दिली. “निम्मी कोरी हाय.” काकूंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

गुरुजींनी जवळच्या पंपावर समोर उभं राहून टाकी भरून घेतली. “पहिल्या कटला थांबायचं. पुण्यात पोचलात की परत पहिल्या कटपर्यंत भरायचं. जेवढं बसेल तेवढं जळलं. मग मला फोन करायचा.”

निघालो. दुपारचं ऊन, एसी बंद, मामांचा हुकूम. काच उघडली की वारा गाडीला मागं ओढतो म्हणून तीही दोन बोटंच. वेग सत्तर, डावी लेन. आम्हाला ट्रक मागं टाकून गेले, टेम्पो गेले, वऱ्हाडाचं ट्रॅक्स गेलं आणि त्यातल्या करवल्यांनी आम्हाला हात केला. उसाच्या ट्रॅक्टरला मात्र आम्ही मागं टाकलं, ते दोघांनी मान वळवून पाहिलं.

आणि टोल. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. फास्टॅग नाही, रोख दिलं की दुप्पट. चार नाक्यांवर मी जे मोजलं त्यात बायकोच्या हिशेबातल्या पाच हजारांतले एकदोन महिने वाहून गेले. मामा म्हणाले, “तो टोल आहे. ॲव्हरेजमध्ये धरत नाहीत.”

खंबाटकीला येताना घाट नाही, बोगदा. बोगद्यानंतर वळणांचा उतार लागतो. मी वडिलोपार्जित सवयीनं गाडी न्यूट्रल केली. मामांनी हातावर चापट मारली. “गिअरमध्ये ठेव! ही कार्ब्युरेटरची नाही. गिअरात ठेवून पाय काढलास तर पेट्रोल पार बंद होतं. न्यूट्रलला इंजिन जागं ठेवायला घोट घोट पितच राहते. वर ब्रेकवर सगळा भार.” पंचावन्न वर्षांच्या माणसाला सातारा जिल्ह्याच्या हद्दीत मारल्याचा राग यायला हवा होता, पण मी गिअर टाकला.

कोथरूडच्या पंपावर पोचलो तेव्हा सात वाजले होते. कोल्हापूरच्या पंपापासून २४१ किलोमीटर. मी वही उघडून पेन काढलं. मामा पंपाच्या मीटरसमोर उभे राहणार होते. पण दिवसभराच्या प्रवासानं म्हाताऱ्या माणसाला जी घाई होते ती झाली, आणि ते पंपाच्या मागच्या बाजूला गेले. मी पोराला म्हटलं, “पहिल्या कटला थांब हं.” आणि त्याच क्षणी मागचा रिक्षावाला म्हणाला, “नवीन घेतली का साहेब?” मी वळलो. किती वर्षांची, कितीला, कुठनं, एवढंच सांगितलं मी त्याला.

परत वळलो तर पोरगा नळी आत-बाहेर करत, गाडीला कुशीवर हलवत, प्रेमानं पेट्रोल रिचवत होता. “बसतंय साहेब अजून! राउंड फिगर केलं. साडेचौदाशे.”

जवळजवळ चौदा लिटर. टाकी गळ्यापर्यंत. २४१ भागिले १४, सतरा पॉइंट दोन. मामा आले, त्यांनी आकडा बघितला आणि दोन्ही हात डोक्याला लावले. मग पंपावरच, रांगेला हॉर्न वाजवू देत, त्यांनी सुनावणी घेतली. गळ्यातलं दोन लिटर वजा करायला हवं. म्हणजे बारा. म्हणजे वीस. पण दोनच कशावरून? पोरगा म्हणाला, दीड. रिक्षावाला म्हणाला, अडीच तरी असेल. वहीत मी मीटर लिहिला, लिटर लिहिले, रुपये लिहिले आणि पुढचा रकाना तसाच ठेवला. गुरुजींच्या पानांत तो रकाना कुठंच कोरा नव्हता.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमन हसत पुढं आला. “वा साहेब! ॲव्हरेज काय देते?”

“बावीस,” मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

“हायवेला चोवीस,” मामा मागून म्हणाले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पडद्यावर गुरुजींचं नाव. मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, तीन सेकंद ऐकलं, आणि मग हातभर लांब धरून मोठ्यांदा म्हणाले,

“हॅलो... गुरुजी... हॅलो? आवाज तुटतोय!”