जन्माने जर्सीकर

न्यू जर्सीत सकाळी फिरायला निघालेल्या माणसाने निसर्ग बघू नये, पायाखाली बघावं. तळ्याकाठच्या हिरवळीवर कॅनडा गूज नावाच्या पक्ष्यांचे थवे दिवसभर चरतात आणि चरता चरताच मोकळेही होतात. मुलाने घेऊन दिलेल्या माझ्या पांढऱ्या बुटांचा सध्याचा रंग कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

नाव कॅनडाचं असलं तरी यातले बरेचसे जन्माने जर्सीकर. पूर्वी शिकारी पाळीव गूज पाण्यात सोडत आणि त्यांना भुलून उतरणाऱ्या रानटी थव्यांवर बंदुका चालवत. १९३५ साली त्यावर बंदी आली आणि पाळलेले कितीतरी पक्षी मोकळे झाले. पुढे सरकारी खात्यांनीही पैदास करून सोडले. आईबापच कधी स्थलांतराला गेले नाहीत, तर पोरांना वाट कोण दाखवणार? त्यात माणसांनी तळी खोदली, काठाला गवत लावलं, ते कापून कोवळं ठेवलं. एवढी बडदास्त असती तर मीही हललो नसतो. पण पाहुणा म्हणून मला सहा महिन्यांचीच मुदत आहे.

त्यांच्या पाठीशी १९१८चा कायदा आहे. सरकारी परवानगीशिवाय पक्ष्याला किंवा अंड्याला इजा करायची नाही. म्हणून त्यांना हाकलायला बॉर्डर कॉली आणतात. मेंढ्या वळणाऱ्या जातीचं हे शिकवलेलं कुत्रं चावत नाही, भुंकण्यातही शक्ती घालवत नाही. मान खाली, अंग जमिनीलगत आणि नजर रोखलेली. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टवरून डोळे उचलून बघतो, तश्शी! त्या नजरेपुढे मला बॅगेतलं लोणचं आठवतं. गूजला लांडगा आठवत असावा. थवा पाण्यात शिरला, तर कॉली मालकासोबत होडीत बसून मागे जातो.

उन्हाळ्यात मात्र पाठलाग थांबवतात. तेव्हा गूजची उडायची पिसं एकदम गळतात, आणि ज्याला जाताच येत नाही त्याला ‘चालता हो’ म्हणण्यात अर्थ नसतो.

एरवी ते उडतात. पण कॅनडाला नाही, शेजारच्या गावातल्या बागेत. मग ते गावही कॉली नेमतं, आणि मंडळी परत इकडे. गूज स्थलांतर विसरले, असं कुणी म्हणू नये. दोन मैलांचं का होईना, दोन नगरपालिकांनी मिळून ते पुन्हा सुरू केलंय.