नळ, नळी आणि आमचे साडू

प्रस्तुत मार्गदर्शिका घरी बिअर बनवणाऱ्या समस्त सद्गृहस्थांसाठी असली, तरी तिचा रोख न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि गराजमध्ये तीन नळ बाळगणाऱ्या आमच्या साडूंकडे आहे. ते ती वाचणार नाहीत. कुठलीही माहितीपुस्तिका वाचणं म्हणजे इंजिनिअरने हार मानणं, असं त्यांचं मत आहे.

पात्रता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 साली सही केलेल्या कायद्याप्रमाणे अमेरिकेत दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. विकायची मात्र नाही. आमची मेव्हणी थेंबालाही शिवत नाही. तिच्या वाट्याचे 100 गॅलन साडू स्त्रीधनासारखे सांभाळतात.

रोगलक्षणे. ग्लास नाकाशी नेल्यावर ताज्या लोण्याचा वास आला, तर ते लोणी नव्हे. बिअरच्या नळीत जिवाणूंनी बिऱ्हाड केलं की डायसेटिल नावाचं द्रव्य तयार होतं, त्याचा तो वास. या मंडळींतले काही दह्यातल्या जिवाणूंचे चुलतभाऊ. म्हणजे न धुतलेली नळी हे विरजणाचं भांडं झालं : वरून कितीही चांगली बिअर ओता, खाली लागायचं ते लागतंच. साडू याला ‘आमच्या घरची चव’ म्हणतात.

मूलतत्त्व. हे मला सासूबाईंनी शिकवलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या सांगलीहून आल्या होत्या. गराजमधले तीन नळ पाहून आधी त्यांना वाटलं, पिण्याच्या पाण्याची सोय चांगली केली आहे. मग त्यांनी फ्रीजचं दार उघडून नळी उजेडात धरली आणि विचारलं, “जावईबापू, ही शेवटची कधी धुतली होतीत?” साडू म्हणाले, “आई, त्यात अल्कोहोल असतं, आपोआप धुतली जाते.” सासूबाईंनी नळी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

“तेलकटाला राख, तांब्याला चिंच,” एवढंच त्या म्हणाल्या. बिअर-लाइनचं सगळं शास्त्र यात आलं. यीस्ट, प्रथिनं, हॉप्सची चिकट राळ हे राखेचं, म्हणजे अल्कलीचं काम. नळीच्या आत खरखरीत थर धरतो तो बिअरस्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेट. तो अल्कलीला दाद देत नाही, त्याला ॲसिडच लागतं.

नियम 1 : मुहूर्त. व्यावसायिकांचा दंडक दर 14 दिवसांनी अल्कली आणि तीन महिन्यांनी ॲसिड असा आहे. ‘14 दिवस’ लक्षात राहत नाहीत, एकादशी राहते. त्या दिवशी साडू तसेही घेत नाहीत, हात मोकळे असतात.

नियम 2 : राख. दुकानातली खास पावडर महाग वाटत असेल, तर कपड्यांचं बिनवासाचं ऑक्सिक्लीन आणा. आत मुख्यतः सोडियम परकार्बोनेट असतं. गॅलनभर कोमट पाण्याला एक मोठा चमचा पुरतो. बिनवासाचं, हा शब्द साडूंनी तीनदा वाचावा. गेल्या वर्षी सवलतीत मिळालं म्हणून त्यांनी सुवासिक आणलं आणि दिवाळीला आम्ही सगळे धुतलेल्या चादरीच्या वासाची बिअर प्यायलो. तिचंही कौतुक करावं लागलं, कारण फराळ मेव्हणीने केला होता.

नियम 3 : पंप. बागेत फवारणी करायचा हातपंप मिळतो, तो घ्यावा. दांडा काढून तिथे केगचा, म्हणजे बिअरच्या पिंपाचा, बॉल-लॉक पोस्ट जोडला की बिअरच्या नळीचं टोक त्यावर टक्कन बसतं. दट्ट्या मारा, नळ उघडा, खाली बादली धरा. नळी भरली की नळ बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग थोडं आणखी सोडा, आणि शेवटी साध्या पाण्याने बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत धुवा. द्रावण पंपात बंद करून ठेवू नये, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो. पंप नवा हवा. “घरात एक आहे की, लॉनच्या तणनाशकाचा!” ही सूचना कोणी केली, ते मी सांगत नाही.

नियम 4 : नळ. नुसती नळी धुऊन नळ तसाच ठेवणं म्हणजे दात घासून जीभ विसरणं. नळाची कॉलर स्पॅनरने समोरून घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. हो, घड्याळाच्याच. साडू चाळीस मिनिटं उलटी पिळत होते. शेवटी स्पॅनर वाकला, आणि दोष चिनी मालावर गेला. नळ सुटला की आत ब्रश घाला. जे बाहेर येईल ते पाहुण्यांना दाखवू नका.

नियम 5. ब्लीच नको. स्टेनलेसला खड्डे पाडतं, आणि व्हिनेगर किंवा कुठल्याही ॲसिडशी गाठ पडली तर क्लोरीन वायू होतो. इथे विनोद नाही. हातमोजे आणि चष्मा घाला.

नियम 6. ॲसिडचा कंटाळा असेल, तर वर्षाला नळीच बदला. दहा फूट साधी व्हिनाइल नळी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. टोक गरम पाण्यात बुडवलं की जोडावर सहज चढतं. साडू जुनी नळी टाकत नाहीत. गराजच्या खिळ्यावर चार वेटोळी टांगलेली आहेत, ‘लागली तर’.

गेल्या एकादशीला सासूबाई खुर्ची टाकून बसल्या, मी दट्ट्या मारला आणि साडूंनी बादली धरली. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं आलं. दुसऱ्याही बादलीत काळे तुकडे होते. द्वादशीला पहिला ग्लास भरला : स्वच्छ, कडसर, हॉप्सचा वास सरळ नाकात. मला तर सुरेख वाटली. साडूंनी घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला.

“काहीतरी कमी आहे हो,” ते म्हणाले.

मी ग्लास पुढे केला. म्हटलं, भरा अजून एक, बघू काय कमी आहे ते.