वजन कुणी विचारतच नाही

अमेरिकेत पिकअपसाठी टायर घ्यायला गेलं की आधी गाडीची चौकशी होते. कंपनी कोणती, साल कोणतं, मॉडेल कोणतं? एवढं सांगितलं की पडद्यावर टायरांची लांबलचक यादी येते आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं की हा तुमच्या गाडीला बसतो. बसतो म्हणजे रिमवर चढतो. गाडीवर ओझं किती आहे, हे विचारणारा रकाना त्या यादीत मला अजून कुठे दिसलेला नाही. हौद्यात कॅम्पर घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी खरा प्रश्न तोच असतो, म्हणून याचा मला राग येतो.

कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात उचलून ठेवलेलं छोटं घर. मागे ओढायच्या घराला स्वतःची चाकं असतात, याला नसतात. पलंग, शेगडी, फ्रीज, गॅसची टाकी, बॅटऱ्या, पाणी, सगळं ट्रकच्या अंगावर. कंपनीच्या पत्रकात बहुधा ठळक छापलेलं वजन असतं ते रिकाम्या कॅम्परचं. एक गॅलन पाणी 8.3 पौंडांचं, 40 गॅलनची टाकी भरली की तीनशेच्या वर पौंड नुसत्या पाण्याचेच होतात. त्यात भांडी, पांघरुणं, किराणा. पक्क्या भिंतींचा मोठा कॅम्पर भरून निघाला की तीन-चार हजार पौंड सहज होतात आणि त्यातला बहुतेक भार मागच्या दोन टायरांवर जातो.

म्हणून हायवेवरच्या ट्रक थांब्यावर जाऊन भरलेली गाडी काट्यावर घालायची आणि मागच्या ॲक्सलचा आकडा घ्यायचा. समजा तो 6,000 पौंड आला. म्हणजे एका टायरवर 3,000. आता ‘एलटी (म्हणजे लाइट ट्रक) 245/75 आर 16’, लोड रेंज म्हणजे भारश्रेणी ‘ई’, हा या वर्गातला अगदी रुळलेला टायर घ्या. 80 पीएसआय हवा भरल्यावर तो 3,042 पौंड पेलतो. शिल्लक राहिले 42 पौंड. पण कॅम्परचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. एकीकडे ओटा आणि फ्रीज, दुसरीकडे नुसतं बाकडं. जड बाजूच्या टायरवर शंभर पौंड जास्त पडले, तर त्याची मर्यादा गाडी जागेवर उभी असतानाच ओलांडलेली असते.

यावर दुकानात उत्तर मिळतं, ‘ई रेंज आहे, काळजी नको.’ हे वाक्य ऐकलं की माझा संयम सुटतो. ‘एलटी 275/70 आर 18’ हाही ‘ई’च असतो, हवाही 80 पीएसआयच, पण तो 3,640 पौंड पेलतो. अक्षर तेच आणि टायरामागे फरक जवळजवळ सहाशे पौंडांचा. मोठ्या मापासाठी अर्थातच रिमही मोठी लागते, आणि रिमलाही वजनाची स्वतःची मर्यादा असते. तीही कुणी आपणहून सांगत नाही. टायर किती पौंड पेलतो, ही संख्या प्रत्येक टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलेली असते. दुकानाच्या फलकावर मात्र किंमत, नक्षीचं नाव आणि किती हजार मैलांची हमी, एवढंच असतं. ती हमी रिकाम्या गाडीने ऑफिसला जाणाऱ्याच्या कामाची आहे.

हलक्या पिकअपच्या यादीत तर मोटारीचे टायरही सर्रास असतात. मोटारीचा टायर पिकअपला लावायचा तर त्याच्या भारक्षमतेला 1.1 ने भागावं लागतं, असा नियम आहे. टायरवर हे लिहिलेलं नसतं, काउंटरवरही सांगत नाहीत. शिवाय त्याची बाजू मऊ असते आणि उंच कॅम्पर वळणावर झुलायला लागतो. मोटारीच्या टायरांवर झीज, पकड आणि उष्णता यांची श्रेणी छापणं सक्तीचं आहे. एलटी टायरांना ती सक्ती नाही. ज्या टायरला सर्वांत जास्त ओझं वाहायचं आहे, त्याच्याच गिऱ्हाइकाला तुलना करायला आधार नाही.

बर्फाचंही तसंच. ‘एम अँड एस’ हे चिखल-बर्फाचं चिन्ह नक्षीच्या आकारावरून मिळतं, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरं आणि हिमकण असलेल्या चिन्हाला चाचणी लागते, पण ती बर्फात गाडी पुढे ओढण्याची, थांबण्याची नव्हे. घाट उतरताना पाठीवर घर असलेल्या माणसाला थांबण्याचीच चिंता असते.

टायरचं वय हा विषय काढला तर दुकानात चेहरे बदलतात. कॅम्परवाल्या गाड्या वर्षातला बराच काळ उन्हात उभ्या असतात, त्यामुळे टायर गोटा होण्याच्या आधी रबर म्हातारं होतं. काही गाडी उत्पादक नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनी टायर बदला असं सांगतात. मग दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नवा म्हणून पूर्ण किमतीत मी का घ्यावा? त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा आधीच गेलेला असतो. टायरवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पण पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असला तरी चालतो, आणि ती बाजू आत ठेवून टायर चढवला की तारीख वाचायला बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटावं लागतं. चढवण्याआधी टायर समोर ठेवून तारीख दाखवायला कितीसा वेळ लागतो?

शेवटी हवा. कुणी चारही टायरांत 80 भरून मोकळं होतं, कुणी दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरतं. कोणत्या वजनाला किती हवा, याचे तक्ते टायर कंपन्या छापतात, पण ते कुणी उघडताना मी क्वचितच पाहिलंय. अमेरिकी संसदेने 2000 साली टायरसुरक्षेचा कायदा केला, त्यातून हवा कमी झाल्यावर पेटणारा दिवा सक्तीचा झाला. पण भरल्या गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन 10,000 पौंडांच्या वर असेल तर त्या सक्तीतून सूट आहे, आणि मोठे कॅम्पर वाहणारे अनेक पिकअप त्याच गटात येतात. दिव्याची सक्ती नसेल तर निदान दुकानाने काट्याची चिठ्ठी मागावी, पुढच्या आणि मागच्या टायरांसाठी तक्त्यातून वेगवेगळी हवा काढावी आणि ते आकडे पावतीवर लिहून द्यावेत. टायरांच्या किमतीत हे काम यायलाच हवं.