हौशी वाद्यनिर्मात्यांसाठी काही सूचना

पन्नाशीनंतर आपल्या हातून एखादं वाद्य घडावं असं वाटू लागणं हा काही आजार नव्हे. बीपीची गोळी चालू असतानाही हा छंद करता येतो. फक्त एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. निसर्गातल्या ज्या वस्तूंतून धड सूर निघतो, त्या सगळ्या मागच्या पिढ्यांनी केव्हाच उचलल्या आहेत. वेळूची बासरी झाली, भोपळ्याचा तंबोरा झाला, शंख देवघरात जाऊन बसला. आपल्या वाट्याला आलं ते उरलंसुरलं. म्हणून आपल्या वाद्याला पहिल्यापासूनच ‘प्रायोगिक’ म्हणावं. कोणी ‘बेसूर आहे हो’ म्हणालं, तर मंद हसावं.

सुरुवात गाजरापासून करावी. गाजराच्या पुंगीची आपण म्हण करून ठेवली. व्हिएन्नाच्या लोकांनी तिचे जाहीर कार्यक्रम लावले. तिथला भाजीपाल्याचा वाद्यवृंद १९९८ पासून चालू आहे. कार्यक्रमाच्या दिवशी ताजी भाजी आणायची, कोरायची, वाजवायची आणि शेवटी प्रेक्षकांना भाजीचं सूप पाजायचं. म्हणीचा उत्तरार्ध इतक्या निष्ठेने पाळणारी मंडळी आपल्याकडेही सापडणार नाहीत.

कृती सोपी आहे. जाड आणि सरळ गाजर निवडावं. ओल्या फडक्यात धरून ड्रिलने लांबीभर आरपार भोक पाडावं, मग बोटांसाठी वरून भोकं. ऑस्ट्रेलियाचे लिन्झी पोलाक अशा गाजराला सॅक्सोफोनचं तोंड बसवून ते क्लॅरिनेटसारखं वाजवतात, आणि खरोखर सुरेल वाजवतात. गाजर दहा रुपयांचं आणि तोंड काही हजारांचं, हा हिशेब घरी सांगू नये. गाजर सुकलं की आक्रसतं आणि सूर सरकतो, म्हणून वाद्य फ्रिजमध्ये ठेवावं. वर ठळक चिठ्ठी लावावी. नाहीतर सकाळी तुमचा मध्यम कोशिंबिरीत.

पपईच्या पानाचा देठ मुळातच पोकळ असतो, त्यामुळे त्याची पिपाणी झटकन होते. चीक मात्र पुसून घ्यावा, ओठ चुरचुरतात. गुलमोहराची वाळकी शेंग हलवली की वाजते. यात तुमचं कर्तृत्व काहीच नाही, तरीही तिला ‘तालवाद्य’ म्हणण्यास हरकत नाही. पावसाळ्यात उकिरड्यावर कोंब फुटलेली आंब्याची कोय दिसली, तर वरची करवंटी सोडवावी, आतल्या बाठीचं एक टोक खरबरीत दगडावर तिरकं घासावं आणि दोन दळांच्या फटीतून फुंकावं. निघणाऱ्या आवाजाला शास्त्रात नाव नाही. शेजारी देतील.

भोपळ्याकडे वळण्याआधी मात्र थोडं थांबावं, कारण इथे थट्टा चालत नाही. मिरजेत शिकलगारांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडवत आली आहेत. पूर्वी हीच मंडळी शस्त्रांना धार लावत. त्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. कडू जातीचा, भाजीच्या उपयोगाचा नाही. तो आधी नीट वाळवतात, मग कापून, पाण्यात भिजवून, आत काठ्यांचा आधार देऊन तोंड आकारात आणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही मंडईतून आणलेला दुधी बाल्कनीत टांगलात, तर त्याला आठवड्याभरात वास मिळेल.

तोच दुधी जव्हार-डहाणूकडचा वारली माणूस वेलीवर जून होऊ देतो, वाळवतो, त्याला बांबूच्या दोन नळ्या मेणाने चिकटवतो, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडतो आणि तारपा तयार होतो. मग गाल फुगवून तो वाजवत राहतो आणि सगळा पाडा त्याच्याभोवती फेर धरतो. तुमच्याभोवती कोण फेर धरणार याचा अंदाज आधी घ्यावा. मी घेतला होता, म्हणून मी तारप्याच्या वाटेला गेलो नाही.

एक कायदेशीर सूचना. रानात सापडलं म्हणून काहीही उचलू नये. गोव्याच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं मढवत. घोरपड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचं कातडं लावतात. बंदीनंतरही घुमट बंद पडलं नाही, उलट २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. तेव्हा ‘अस्सल सामान मिळत नाही हो’ ही सबब तुम्हाला चालणार नाही.

आता सादरीकरण. सोसायटीच्या गणपतीत आरतीआधीची पाच मिनिटं मागून घ्यावीत. तेव्हा माणसं प्रसादासाठी थांबलेलीच असतात. त्यातली तीन मनोगतात घालवावीत. ‘पंचमहाभूतं’ दोनदा आणि ‘मातीचा श्वास’ एकदा येऊ द्यावा. मग डोळे मिटून वाजवावं. वाजवून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत, तर खचू नये. लोकांना वाटत असतं, अजून जुळवाजुळवच चालली आहे.