राजांचा कुलवृत्तांत

आमचे एक स्नेही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला असतात. तिथल्या मराठी मंडळींत त्यांना 'राजे' म्हणतात. आडनाव निराळंच आहे. पण ते 'सॅक्रामेंटो किंग्ज' या बास्केटबॉल संघाचे निस्सीम भक्त. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यांना श्राद्धाच्या दिवशी भावाला फोन करून विचारावं लागतं. संघाचा कुलवृत्तांत मात्र तोंडपाठ.

"मूळ घराणं रॉचेस्टरचं. तेव्हा आम्ही रॉयल्स." 1957 साली सिनसिनाटी, 1972 साली कॅन्सस सिटी, 1985 साली सॅक्रामेंटो. नुसतं विंचवाचं बिऱ्हाड! कॅन्सस सिटीत रॉयल्स नावाचा बेसबॉल संघ आधीच नांदत होता, म्हणून सासरी गेल्यासारखं नाव बदललं आणि किंग्ज झाले.

विजेतेपद एकच, 1951चं. राजांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण निक्सला सातव्या सामन्यात हरवल्याचं सांगताना ते कोर्टाच्या कडेलाच उभे होते असं वाटतं.

खरी गोडी 2002मध्ये. लेकर्सविरुद्धचा सहावा सामना ते भाऊबंदकीतल्या बांधाच्या दाव्यासारखा लढवतात. शेवटच्या एका क्वार्टरमध्ये लेकर्सना 27 फ्री थ्रो! आमटीच्या वाटीला पंच करून, डाव्या हाताने पापड नाचवत ते एकेक फाऊल पुन्हा तपासतात. निकाल अजून लागलेला नाही.

पुढे लागोपाठ 16 हंगाम प्लेऑफ नाहीत. मधल्या काळात संघ सिएटलला निघाला होता. 2013 साली विवेक रणदिवे आणि मंडळींनी तो विकत घेतला आणि बिऱ्हाड जागेवर राहिलं. रणदिवे मूळचे मुंबईचे, एवढ्यावर राजे त्यांना नात्यातच धरतात. संघाच्या ड्राफ्टवर मात्र नातेवाइकांवर बोलावं तसंच बोलतात. 2018 साली दुसरी निवड हातात असून लुका डॉन्चिचला सोडला!

2022पासून संघ घरी जिंको वा बाहेर, स्टेडियमवरून आकाशात जांभळा झोत सोडतात. वहिनी मागच्या अंगणात जाऊन बघतात. झोत दिसला तर भजी, नाहीतर मुगाची खिचडी.

ऑक्टोबर 2019मध्ये किंग्ज मुंबईत, वरळीला पेसर्सशी दोन सराव सामने खेळले. राजे खास विमानाने आले. पहिला ओव्हरटाइममध्ये एका गुणाने गेला, दुसरा 24 गुणांनी. "माहेरी आल्यावर कोण मनावर घेऊन खेळतं?" राजे म्हणाले.

कधी त्यांच्याकडे जेवायला गेलात तर 2002चं नाव काढू नका. काढायचंच असेल तर श्रीखंड आधी वाढून घ्या.