दबलेली नस कशी सांभाळावी

प्रथम अभिनंदन. कालपर्यंत आपण नागपूरजवळच्या वाडीचे साधे रहिवासी होता, आजपासून ‘गॅपवाले’. आपली मान अजून दोन्हीकडे वळते, म्हणजे नवखे आहात. काही हरकत नाही, मला अकरा वर्षांचा अनुभव आहे. सांगतो तसं करा. दरवर्षी थंडीत आणि साळ्याच्या लग्नात दुखणं न बोलावता हजर होईल.

१. सुरुवात स्कूटरवर करा. आठव्या मैलावरून शहराकडे निघा. मोबाईल कान आणि खांद्यात दाबून धरा, अमरावती रोडवरचे ट्रक अंगावरून जाऊ द्या, खड्डा दिसला तरी बोलणं तोडू नका. मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ. एखादी तरी सापडेलच.

२. खांदा दुखतो ना? मग खांदाच चोळा. नस मानेत दबते आणि कळ खांद्यात उतरते, हे डॉक्टर सांगतील. अंगठ्याला मुंग्या आल्या तर बहुधा सहावी नस, मधल्या बोटाला सातवी, करंगळीला आठवी, असा हिशेबही मांडतील. आपण मान डोलवावी, डोलत असेल तर. घरी आल्यावर शेजारचे काका म्हणतील, “गॅस होय बाप्पा तो.” हे निदान फुकट आहे, ते आधी स्वीकारा.

३. आता भाषा शिका. रिपोर्टात लिहिलेलं असतं की दोन मणक्यांमधली गादी झिजून जागा कमी झाली. आपल्याकडे यालाच ‘गॅप आला’ म्हणतात. जागा कमी झाल्यावर गॅप येतो कसा, हे विचारणारा माणूस मला अकरा वर्षांत भेटला नाही. गॅप कितव्यात, हे मात्र टपरीवर सगळेच विचारतील. “चार-पाचमधी,” असं सांगा. समोरचा खर्रा गालात सरकवून म्हणेल, “आपला तर पाच-एकमधी हाय, सायटिका धरून.” हरू नका. मानेचा गॅप अशा वेळेसाठीच राखून ठेवायचा असतो.

४. एमआरआय काढाच, डॉक्टर ‘अजून गरज नाही’ म्हणाले तरी. धंतोलीहून ते मोठं पाकीट स्कूटरवर आणताना लोक वाट देतात, ही गोष्ट लहान नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक जणांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा निघाला. ही माहिती घरात कुणालाही देऊ नका. विशेषतः पैसे ज्यांनी दिले त्यांना.

५. उपचार सगळे एकदम करा, म्हणजे गुण कशानं आला ते कळणार नाही. निरगुडीचा शेक, वरून बाम, वरून पट्टा. त्यानंतर पायाळू शोधा. पायांकडून जन्मलेल्या माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. मला मिळाले ते निवृत्त गृहस्थ, वजन नव्वदच्या पुढे. मी ओट्यावर पालथा.

“कुठं दुखते, भाऊ?”

“डाव्या बाजूनं.”

“बरं,” म्हणाले, आणि पाय ठेवला. त्या दिवसापासून उजवीकडेही दुखतं. तोल साधला.

६. झोपून राहा. १९८६ साली दोन दिवस झोपणाऱ्यांची आणि सात दिवस झोपणाऱ्यांची तुलना झाली, तेव्हा दोन दिवसवाले लवकर कामाला लागले. बघा, केवढं नुकसान त्यांचं.

७. खडगाव रोडनं जाऊ नका. तिथे गोदामांपुढे हमाल गाडी खाली करताना दिसतात. सिमेंटची गोणी ५० किलोची, एकामागून एक. माथाडी कायदा १९६९ चा आहे, पण गोणी अजून पाठीवरच येते. संध्याकाळी मेडिकल स्टोअरमधून एक गोळी घ्यायची, चहाबरोबर गिळायची, सकाळी पुन्हा फळीवर. एकदा मी गळ्यात पट्टा घालून तिथे थांबलो, तर एकानं आपुलकीनं विचारलं, “काय उचललं होतं साहेब?”

उशी उचलली होती.

८. चालणं कटाक्षानं टाळा. फिजिओथेरपिस्ट बाई सांगतात की रोज थोडं चाला, मानेचे चार व्यायाम करा, एका जागी तासन्‌तास बसू नका, बहुतेकांची दबलेली नस सहा ते बारा आठवड्यांत आपोआप निवते. असेलही. पण यात पाकीट नाही, पट्टा नाही, लग्नात सांगण्यासारखं काही नाही. मी एकदा पाच आठवडे चाललो होतो. दुखणं इतकं कमी झालं की घरच्यांनी गॅसचं सिलिंडर मलाच उचलायला सांगितलं. तेव्हापासून चालणं बंद.

९. एकाच बाबतीत माझं ऐकू नका. लघवीवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, हातातली पकड गेली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर हा कागद फेका आणि त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा. पायाळूंना मी निरोप देतो.