दुखण्याचा भाव

इस्लापुरात सकाळी चहाच्या टपरीवर दोन भाव विचारले जातात. एक कापसाचा, दुसरा आमच्या मामांच्या कमरेचा.

"मामा, आज किती?"

"साडेसहा. काल सहावर बंद झालता."

दुखणं नोंदवायचं अ‍ॅप पूर्ण आकडेच घेतं. अर्धा मामांच्या पदरचा.

तीन महिन्यांच्या वर टिकलं की दुखणं जुनाट, असं वैद्यकशास्त्र मानतं. मामांची कंबर चार वर्षांची, म्हणजे लोणच्यासारखी मुरलेली. "कधी, किती दुखतं?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला मामांचं एकच उत्तर असायचं, "लई." 'लई'वर औषध कसं बसवणार? म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी मोबाइलमध्ये दुखण्याची डायरी टाकायला सांगितली. रोज शून्य ते दहा आकडा. शिवाय झोप, चालणं, गोळी. पंधरवड्याचा आलेख पाहिला की दुखणं कशानं चढतं ते कळतं.

कळलंही. सोयाबीनचं पोतं उचललं किंवा पाहुण्यांना मोटारसायकलवर सहस्रकुंडच्या धबधब्यावर नेलं, की दुसऱ्या दिवशी मामांचा आलेख धबधब्यासारखा. फक्त वरच्या दिशेनं.

भांडण झालं ते शब्दांवरून. अ‍ॅप विचारी, दुखणं टोचणारं की जळणारं? "ह्यात ठणका कुठाय? उसण? चमक? रग?" रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली मांडलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत दुखण्याचे ७८ शब्द आहेत. मामा भेटले असते तर शंभरी भरली असती.

मामींचे गुडघेही जुनेच, पण त्यांना कुणी आकडा विचारला नव्हता. एका संध्याकाळी मामांनी मोठ्या मनानं विचारलं, "तुझे किती?"

"तुमची किती?"

"सहा."

"मग माझे सात लिवा."

दुसऱ्या दिवशी मामा आठ. मामी नऊ. तिसऱ्या दिवशी मामांनी थेट दहा टाकले. पडदा लाल झाला: तातडीनं डॉक्टरांना भेटा.

"आता माझे अकरा," मामी म्हणाल्या.

"दहाच्या पुढं जातच नाही हे."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणत मामी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "तुमचं दुखायलंय, बसा. भाकरी टाकते."

मामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि गुपचूप आठ केले.